पुढाऱ्यांचा घरोबा असला की ताणलेली बोलणी सुटतात का?

मांजराकाठ

रामराम मंडळी. आमच्या केज-कळंब पट्ट्यात दोन गावांत कोल्हापुरी बंधाऱ्यावरून धुसफूस चालूय. वरचे म्हणतात पाऊस ओसरला की लगेच बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) टाका, नाहीतर पाणी वाहून जातंय. खालचे म्हणतात आधी आमच्या विहिरींना पाझर लागू द्या, मग अडवा. मागच्या साली रात्रीतून कुणीतरी बर्गे उपसून टाकले, मग पोलीस स्टेशन झालं, आता दोन्ही गावचे पुढारी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दोघं वेगळ्या पक्षाचे, पंचायत समितीला आमनेसामने लढलेले. आम्ही काहीजण मधे पडून त्यांना एकत्र बसवायचं बघतोय.

आमच्यातच दोन मतं पडलीत. काहींचं म्हणणं आधी कागद करा, अटी लिहा, मग सह्यांपुरतं बसवा. माझं मत उलटं आहे, आधी माणसं मोकळी झाली पाहिजेत. मोठमोठे तह सुद्धा असेच झालेत. १९७८ च्या सप्टेंबरात कॅम्प डेव्हिडला इजिप्तचे सादात, इस्रायलचे बेगिन आणि मधे पडलेले अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर तेरा दिवस होते, शेवटी जेरुसलेमच्या एका पत्रावरून सगळं फिसकटायच्या बेतात आलं. बेगिननी नातवंडांसाठी तिघांचे सह्या केलेले फोटो मागितले होते. कार्टरनी प्रत्येक फोटोवर एकेका नातवंडाचं नाव घातलं आणि स्वतः नेऊन दिले. बेगिन एकेक नाव वाचत गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्याच दिवशी पत्राचा मजकूर बदलून वाट निघाली, आणि मार्च १९७९ मधे चार युद्धं झालेल्या दोन देशांत करार झाला.

तुमच्या गावात-तालुक्यात असं काही घडलंय का? जमलं असेल तर कशानं, फिसकटलं असेल तर कशानं?

बाभळगाव रोड

आमच्या लातूरवाल्यांना हे सांगावं लागत न्हाई. विलासराव काँग्रेसचे, गोपीनाथराव भाजपचे, सभेत एकमेकाला सोडायचे न्हाईत आणि एका स्टेजवर आले की सगळा मंडप हसायचा. दोघांची मैत्री उभ्या महाराष्ट्राला ठाऊक. विरोधक म्हंजे दुश्मन न्हवं, हे आमची पिढी त्यांच्याकडं बघून शिकली.

उसाचा फड

@बाभळगाव रोड, मैत्रीचं ठीकय, पण धाग्याचा विषय बोलणी आहे. त्याला मुंडे-पवार लवाद जास्त बसतो. मुंडे साहेबांनी पवार साहेबांविरुद्ध संघर्ष यात्रा काढून रान पेटवलं होतं, १९९५ ला सत्ता गेली ती कुणाची आणि आली कुणाची हे सगळ्यांना माहितीय. तेच दोघं पुढं ऊसतोडीच्या दरासाठी लवाद म्हणून समोरासमोर बसायचे, कारखान्यांच्या बाजूनं पवार आणि मजुरांच्या बाजूनं मुंडे. संप ताणला की गाळप लांबतंय, कारखाना अडकतो, इकडं टोळ्या गावातच बसून राहतात आणि घेतलेली उचल डोक्यावर. दोघांनाही सुटका पाहिजेच असायची. पण सुटका पाहिजे असून सुद्धा माणसं अडून बसतात ना, तिथं या दोघांना एकमेकांच्या शब्दाची खात्री होती. एक म्हणाला इथवर येतो तर तो तिथवर येणार, मागं फिरणार नाही.

मुंडे साहेब गेल्यावर ती जागा पंकजाताईंकडं आली. जानेवारी २०२४ मधे पुण्यात ३४ टक्के वाढ ठरली तेव्हा सुद्धा पवार एका टोकाला आणि ताई दुसऱ्या टोकाला, राजकारणात. मपले वडील मुकादम होते, ते म्हणायचे लवादाची बैठक लागली म्हणलं की टोळ्या गाड्या भरायला सुरवात करायच्या, आकडा कळायच्या आधीच.

माजलगावची लेक

@उसाचा फड दादा, तुमचं सगळं मान्य करून एक विचारते. त्या बैठकीत कोयत्याचा भाव ठरतो. एका कोयत्यामागं नवरा-बायको दोघं राबतात, एकट्याला अर्धा कोयता म्हणतात, आणि पैसे मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात. फडावर पाणी कुठून आणायचं, बाई आजारी पडली तर खाडा कुणाच्या डोक्यावर, हे कितीदा ठरलं? २०१९ ला बीडच्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या तेव्हा सगळ्यांना धक्का बसला, आमच्या गावात कुणालाच बसला नाही, सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन मोठी माणसं जिव्हाळ्यानं बोलली याचं मला वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं. पण जिव्हाळा तिथं बसलेल्यांतच फिरतो. जी बाई त्या खोलीत नाही तिच्याकडं तो आपोआप येत नाही, तिचं कुणीतरी नाव काढावं लागतं.

उसाचा फड

ताई, बरोबर. याच्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

बूथवाला

मला ह्या विषयावर बोलायचंच होतं. आमच्याकडं वीसेक वर्षांखाली झेडपीच्या इलेक्शनला मतदानाच्या दिवशी राडा झाला, आमच्या गटाच्या पोराचा हात मोडला, दोन पोरांवर केसेस पडल्या, कोर्टाच्या तारखा करता करता एकाची पोलीस भरती गेली. आणि त्याच उन्हाळ्यात आमचा नेता आणि समोरचा नेता एका लग्नात एका टेबलावर जेवताना दिसले, हसत होते, एकमेकाच्या ताटात वाढायला सांगत होते. माझा त्यांच्या हसण्यावर राग नव्हता, लग्नाला आले म्हणजे बसणारच. राग एवढाच की तुमचं जर एवढं जमतंय तर जेवता जेवता त्या पोरांच्या केसेसचं पण बोलला असतात. तेवढं बोलायला कुणाला सुचलं नाही. तो हात मोडलेला आता कुणाच्याच सभेला जात नाही.

म्हणून मला घरोबा म्हणलं की पहिला प्रश्न पडतो, वरचे एक झाल्यावर खालच्यांच्या पदरात काय पडतं?

परभणीकर

जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि तंटा मिटवायला येसर आमटी! @मांजराकाठ, दोघांना आमच्याकडं धाडा. आमटी-भात समोर आला की पहिला अर्धा तास कुणी बोलतच नाही, भांडणार कधी?

धपाटे विथ दही

येसर लग्नाचा, बैठकीला धपाटेच पाहिजेत. शेंगदाण्याची चटणी आणि दही. बंधाऱ्यावरच पंगत घाला.

नांदेडी

आमच्या नांदेडला या कामून कुणी म्हणंना? गुरुद्वाऱ्याच्या लंगरात एका रांगेत खाली बसवा दोघांना. तिथं पुढारी कोण आन कार्यकर्ता कोण, समदे सारखेच.

सतरा सप्टेंबर

जेवणावळी चालू द्या, मी थोडं विरोधात बोलतो.

फेब्रुवारी १९९९ ला वाजपेयी बसनं लाहोरला गेले. त्या माणसाच्या जिव्हाळ्यावर कुणी शंका घेणार नाही, मिनार-ए-पाकिस्तानला जाऊन आले, ज्यांच्या पक्षाला पाकिस्तानचं नाव सहन होत नव्हतं त्या पक्षाचा पंतप्रधान. आणि मे महिन्यात कारगिल. आमच्या शेजारच्या गावचे जवान तेव्हा सीमेवर होते, त्यांच्या घरचे ट्रान्झिस्टरला कान लावून बसायचे ते मी बघितलंय. समोर नवाझ शरीफ होते पण निर्णय लष्कराच्या हातात होता, ऑक्टोबरात त्यांनाच खुर्चीवरून काढलं. म्हणजे ज्याच्याशी घरोबा करताय त्याचं त्याच्या घरात चालतं का, हे आधी बघा. नाहीतर तुम्ही गोड बोलता एकाशी आणि बर्गे उपसतो तिसराच.

मांजराकाठ

@सतरा सप्टेंबर, शेवटचं वाक्य आमच्या गावाला तंतोतंत लागू आहे. बर्गे कुणी काढले ते दोन्ही पुढाऱ्यांना खरंच माहीत नाही असं मला वाटतं. पण वाजपेयींचं सगळं वाया गेलं असं नका म्हणू. जानेवारी २००४ मधे तेच इस्लामाबादला गेले आणि कारगिलच्या वेळी लष्करप्रमुख असलेल्या मुशर्रफ यांच्याशीच बोलले, बोलणी परत चालू झाली.

गोदाकाठ पैठण

पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, जरा लांबेल.

आमचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरण. वर नाशिक-नगरची धरणं, खाली आम्ही. वरचे आणि खालचे पुढारी काही परके नाहीत, सोयरिकी आहेत, कारखानदारीत एकमेकांच्या वार्षिक सभांना पाहुणे असतात, लग्नात मांडीला मांडी लावून बसतात. एवढा घरोबा भारत-पाकिस्तानच्या कुठल्या नेत्यांत सुद्धा नसेल. पण दुष्काळात पाणी सोडायची वेळ आली की घरोबा घरी. जो पाणी सोडेल तो त्याच्या तालुक्यात पडणार, हे त्यालाही माहीत आणि समोरच्यालाही माहीत. त्याचा दोष सुद्धा म्हणता येत नाही.

मग कशानं आलं पाणी? कायद्यानं. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, त्याच्यावर याचिका, समित्या, आणि मग ठरलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून सोडायचं. आता वरचा पुढारी आपल्या लोकांना सांगू शकतो, बाबांनो माझ्या हातात नाही, नियम आहे. आणि मगच तो आमच्या पुढाऱ्याशी हसून बोलू शकतो. आमच्याकडं तरी गोडवा नियमाच्या मागून आला, पुढून नाही. म्हणून मी तुमच्या कागदवाल्या गटात.

वाचनालय अंबाजोगाई

@गोदाकाठ, तुमच्या बाजूनं एक आणि विरुद्ध एक असं उदाहरण देते.

बाजूनं: उत्तर आयर्लंड. इयन पेस्ली आणि मार्टिन मॅकगिनेस. एक कट्टर प्रोटेस्टंट पाद्री, दुसरा आयआरए या सशस्त्र संघटनेचा जुना कमांडर, पेस्लीनी १९९८ चा गुड फ्रायडे करार सुद्धा धुडकावला होता. २००७ ला दोघं एकाच सरकारात आले, वर्षभरात इतके हसायला लागले की पेपरवाल्यांनी त्यांना चकल ब्रदर्स नाव ठेवलं. पण करार, शस्त्रं खाली ठेवणं, खात्यांचं वाटप हे सगळं आधी झालं होतं. हसू नंतर आलं.

विरुद्ध: दक्षिण आफ्रिका. गोऱ्या सरकारचे रोएल्फ मायर आणि मंडेलांच्या एएनसीचे सिरिल रामाफोसा. १९९१ ला एका ओळखीच्याच्या शेतावर मासे धरायला गेले, मायरच्या बोटात गळ रुतला, रामाफोसांच्या बायकोला निघेना, शेवटी रामाफोसांनी पक्कड घेऊन काढला. गोष्ट गमतीची वाटते पण पुढचं बघा. जून १९९२ मधे बोइपाटोंगला कत्तल झाली, एएनसी बोलण्यातून उठून गेली, लोक रस्त्यावर, आता यादवी होणार असं सगळ्यांना वाटत होतं. त्या काळात हे दोघं मात्र एकमेकांशी बोलत राहिले. सप्टेंबरात समझोत्याचं टिपण झालं आणि एप्रिल १९९४ ला निवडणूक. तिथं कुठलाही नियम आधी नव्हता, नियम काय असावा यावरच तर भांडण होतं. कागद फाटला तेव्हा ही ओळखच शिल्लक होती.

आणि @मांजराकाठ, कॅम्प डेव्हिडबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. पहिल्या काही बैठकांतच सादात आणि बेगिन इतके भिडले की नंतर कार्टरनी त्यांना वाटाघाटीला समोरासमोर बसवलंच नाही, स्वतः एकाकडून दुसऱ्याकडं मसुदे घेऊन फिरले. तिथला जिव्हाळा दोन विरोधकांत नव्हता, मध्यस्थाचा दोघांशी वेगवेगळा होता. म्हणजे तुम्हाला दोघांना एका ताटात जेवायला बसवायची घाई करायची गरज नाही, तुमचं स्वतःचं दोघांशी कसं आहे ते आधी बघा.

बूथवाला

@वाचनालय, सादातचं पुढं काय झालं तेही लिहा.

वाचनालय अंबाजोगाई

लिहिते. त्यांचा परराष्ट्रमंत्री कॅम्प डेव्हिडलाच राजीनामा देऊन मोकळा झाला, करारानंतर अरब लीगनं इजिप्तला बाहेर काढलं, आणि ६ ऑक्टोबर १९८१ ला लष्करी संचलनात त्यांच्याच सैन्यातल्या लोकांनी गोळ्या घातल्या. पॅलेस्टिनींशी समझोता करणारे इस्रायलचे पंतप्रधान राबिन, त्यांना १९९५ ला त्यांच्याच देशातल्या माणसानं मारलं. तुमचा मुद्दा लक्षात येतोय दादा. समोरच्याशी जुळवून घेताना मागच्यांशी तुटलं की काय होतं ते दोघांनी भोगलं. पण इजिप्त-इस्रायल करार आजही टिकून आहे, हे सुद्धा तेवढंच खरं.

निळी पाखरं

इतका वेळ वाचत होतो. एक बाजू राहिली म्हणून लिहितो.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं आम्हाला किती जणांनी सांगितलं की जरा सबुरीनं घ्या, समोरच्यांच्या भावना समजून घ्या, एकत्र चहा प्या. ज्याचं घर जळालंय त्याला आधी चहाला बोलवू नका, आधी त्याचं घर बांधून द्या. जिव्हाळ्याची भाषा ताकदवान माणसाच्या तोंडून आली की ती गप्प बसवायची भाषा होते.

शेवटी जो तोडगा निघाला त्यात बाबासाहेबांचं नावही आलं आणि मराठवाडाही राहिलं, त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं दुसरं विद्यापीठ झालं. आमच्यातल्या कित्येकांना तो नामांतर नसून नामविस्तार आहे याचं दुःख होतं, आजही आहे. पण आज त्या गेटवर दरवर्षी १४ जानेवारीला जी गर्दी होते ती बघायला या. माझ्या वर्गात जे तेव्हा विरोधात होते त्यांची पोरं त्याच विद्यापीठाच्या डिग्र्या अभिमानानं लावतात आणि आता आमचं येणंजाणं आहे. ते येणंजाणं न्यायानंतर आलं.

माजलगावची लेक

@निळी पाखरं, हे मी जपून ठेवलंय. जय भीम.

मोंढ्यातला

लातूर मोंढ्यातलं सांगतो, हमालीच्या दरावरून आडते आणि हमालांत दर थोड्या वर्षांनी जुंपती. सोयाबीनच्या सीझनला काम बंद म्हंजे ट्रॅक्टरची रांग रिंगरोडपर्यंत, शेतकरी मधल्या मधी मरतो. तवा हमालांचे जे पुढारी होते ते लई चांगले माणूस, व्यापाऱ्यांच्या पुढाऱ्याशी त्यांची शाळेपासूनची वळख, अरेतुरेची. पण एक गोष्ट त्यांनी कधी सोडली न्हाई. आडतीवर एकटे जाऊन चहा प्यायचे न्हाईत. जाताना सोबत चार-पाच हमाल, पोत्याचं काम सोडून आलेले, तसेच धुळीत भरलेले, गादीवर बसवायचे. व्यापारी पण मग त्यांच्याशी बोलायचा, काय रे पोरगी कितवीला है, पाठीचं कसं है. त्यामुळं दोन रुपये कमी मिळाले तरी कुणी म्हणलं न्हाई की आमचा पुढारी मॅनेज झाला. बूथवाले भाऊ, तुमच्या प्रश्नाचं मला हेच उत्तर सुचूलालंय.

बूथवाला

असा पुढारी आम्हाला मिळाला असता तर मी आजही गावात बिल्ला लावून फिरलो असतो. आभार भाऊ.

रिटायर्ड मंडळ अधिकारी

उशिरा आलो. नोकरीत पाणंद रस्त्याच्या भांडणांत आयुष्य गेलं, त्यातलं एक प्रकरण लिहितो. तालुका सांगत नाही.

मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज होता, एकानं रस्ता नांगरून टाकला असं दुसऱ्याचं म्हणणं. दोघंही चाळिशीच्या पुढचे, भावकीतले, दोन पार्ट्यांचे म्होरके. स्थळपाहणीला गेलो तर दोन्हीकडं पन्नास-पन्नास माणसं आणि बऱ्याच जणांच्या हातात काठ्या. मी टेप काढायच्या आधी बांधावर बसलो आणि म्हणालो, अण्णा, हा रस्ता बाहत्तरच्या दुष्काळात झाला ना? तुम्ही दोघं तेव्हा खडी फोडायला होतात का? तर एक म्हणाला होतो की, मी दहा वर्षांचा, हा माझ्याहून एक वर्षानं मोठा. आणि मग दुसरा बोलायला लागला, सुकडी कशी मिळायची, मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरत नव्हती, याच्या आईनं मला सुकडीतली अर्धी दिली होती. दोघं एकमेकांकडं न बघताच बोलत होते, पण बोलत होते. मागं उभी असलेली पोरं गप्प ऐकत होती, त्यांनी आपल्या बापांच्या तोंडून हे कधी ऐकलंच नव्हतं.

मी तिथंच टेप लावला. नकाशा, रुंदी, दोन्हीकडचे खुणेचे दगड, झाड कुणाचं, पिकाची नुकसानी किती, सगळं त्याच बैठकीत लिहून पंचांच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवसावर ढकललं असतं तर रात्रीतून कुणीतरी कान भरले असते, हे मी दुसऱ्या प्रकरणांत बघितलेलं. तंटामुक्त गाव मोहीम २००७ ला आली तेव्हा गावोगावी समित्या झाल्या, त्यांनाही मी हेच सांगायचो. मन नरम पडतं ते थोड्या वेळापुरतं. तेवढ्यात कागद झाला पाहिजे, आणि कागद आधीच तयार पाहिजे, फक्त रकाने मोकळे ठेवा.

गोदाकाठ पैठण

साहेब, म्हणजे कागदवाले आणि जेवणवाले दोघंही तुमच्या बांधावर एकाच वेळी बसले. पटलं.

परभणीकर

आणि आमटी?

रिटायर्ड मंडळ अधिकारी

आमटी सह्या झाल्यावर. उपाशीपोटी मोजणी लवकर होते.

मांजराकाठ

सगळं दोनदा वाचलं, आमच्या मंडळींना मोठ्यानं वाचून दाखवलं. असं ठरवतोय. आधी आमच्यातले दोघं वरच्या पुढाऱ्याकडं आणि दोघं खालच्याकडं जाणार, त्यांना लगेच समोरासमोर आणणार नाही. पाण्याचा मसुदा आम्ही लिहून नेणार, बर्गे टाकायची तारीख आणि किती पातळीला टाकायचे हे मोकळं ठेवून. बैठकीला दोन्ही गावचे पाच-पाच शेतकरी, त्यात विहिरी आटलेले जरूर असावेत, आणि प्रत्येक गावच्या दोन बाया, कारण उन्हाळ्यात टँकरपुढं हंडे घेऊन त्याच उभ्या असतात. जागा दोन्ही गावांच्या शिवेवरचं देवस्थान. मागच्या वर्षी दोन्हीकडच्या पोरांवर ज्या तक्रारी झाल्यात त्या मागं घ्यायचा विषय पहिल्या नंबरला, बूथवाले दादा, हा तुमच्यामुळं.

एक अडचण राहतेच. वरचा पुढारी म्हणतो, तो आला तर मी येतो. खालचाही तेच म्हणतो.

वाचनालय अंबाजोगाई

दोघांनाही वेळ वेगळी देऊ नका आणि आधी कोण बसलं हे कुणाला दिसणार नाही असं करा. दोन्ही गावांतून देवस्थानाला वेगवेगळ्या वाटा असतील ना?

मांजराकाठ

आहेत. एक ओढ्याकडून, एक रस्त्याकडून.

मोंढ्यातला

मग झालं. दोन्ही वाटांवर एकेक माणूस मोबाईल घेऊन उभा करा.

रिटायर्ड मंडळ अधिकारी

बंधाऱ्याच्या वरच्या-खालच्या गटांचे नकाशे आणि सातबारे काढून ठेवा, बैठकीत कोण कुठल्या गटाचा यावरूनच पहिलं भांडण होतं. आणि बर्गे सध्या मोजून किती शिल्लक आहेत ते दोन्ही गावच्या माणसांसमोर आधीच मोजा. नकलेचा अर्ज सोमवारी सकाळीच द्या, तहसीलला वेळ लागतो.